कोणता डॉलर, किती टिप? कॅरिबियन सुट्टीतला पैशांचा हिशेब

प्रश्न : आम्ही यंदा बार्बाडोस आणि सेंट लुसिया अशी दोन बेटं करणार आहोत. अमेरिकन डॉलर दोन्हीकडे चालतात, असं एजंट म्हणतो. मग स्थानिक चलन घ्यायचं की नाही?

उत्तर : चालतात हे खरं, पण खरी गोची ‘डॉलर’ या शब्दात आहे. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि १९७५ पासून २ बार्बाडोस डॉलर म्हणजे १ अमेरिकन डॉलर असा दर बांधलेला आहे. सेंट लुसियात पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. तिथले लोक त्याला नुसतं ‘ईसी’ म्हणतात. त्याचा दर १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० आहे. हाच ईसी अँटिग्वा, ग्रेनेडा, डॉमिनिका, सेंट किट्स, सेंट व्हिन्सेंट इथेही चालतो, त्यामुळे पुढे आणखी बेटं जोडलीत तरी तो वाया जात नाही.

आता गंमत बघा. किनाऱ्यावरचा खुर्चीवाला ‘ट्वेंटी डॉलर्स’ म्हणतो. त्याच्या मनात २० बार्बाडोस डॉलर, म्हणजे १० अमेरिकन. तुम्ही वीसची अमेरिकन नोट पुढे करता. तो घेतो. यात त्यानं फसवलं असं म्हणता येत नाही, विचारायचं तुम्हीच राहून गेलात. ईसीच्या बेटांवर हीच चूक जवळजवळ पावणेतीन पटीला पडते. म्हणून भाव ऐकला की पहिला प्रश्न एकच : ‘यूएस की ईसी?’, बार्बाडोसमध्ये ‘यूएस की बीडीएस (म्हणजे बार्बाडोस डॉलर)?’ टॅक्सीत तर हे बसण्याआधी विचारायचं. या बेटांवर टॅक्सीला मीटर नसतो, सरकारनं ठरवलेले दर असतात आणि विमानतळावर त्यांचा फलक लावलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अमेरिकन नोट दिलीत तरी सुटे बहुधा स्थानिक चलनात परत येतात, तेही दुकानदाराच्या दरानं. ईसी २.७० ऐवजी २.६० किंवा २.५० धरला जातो. बार्बाडोसमध्ये दोनास एक हिशेब सोपा असल्यानं तोटा फारसा होत नाही. त्यामुळे बार्बाडोसला अमेरिकन डॉलरवर भागवा, सेंट लुसियात मात्र बस, बाजार आणि छोट्या खानावळींसाठी शंभर-दीडशे ईसी जवळ असू द्या.

इतर बेटांबद्दल थोडक्यात. बहामासचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा, दोन्ही एकाच गल्ल्यात जातात. टर्क्स अँड कैकॉस, ब्रिटिश व्हर्जिन बेटं, प्वेर्तो रिको आणि बोनेर इथे अमेरिकन डॉलर हेच चलन. मार्टिनिक आणि ग्वाडलूपला युरो. केमनमध्ये उलटा धक्का बसतो : तिथला डॉलर अमेरिकनपेक्षा महाग आहे, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन. दुकानात तर बहुतेकदा तुमचा एक डॉलर ०.८० केमन धरतात. मेनूवरचं २० वाचून खूश होऊ नका, ते २५ आहेत.

प्रश्न : ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज घेतलं आहे. त्यात खाणं-पिणं, टिप सगळं आलं असं लिहिलंय. तरी लोक म्हणतात टिप द्यावीच लागते. नेमकं काय?

उत्तर : ‘द्यावीच लागते’ हे चूक आणि ‘सगळं आलं’ हेही अर्धवटच. पॅकेजच्या किमतीत सेवाशुल्क असतं, पण ते किती आणि कुणाकुणात वाटलं जातं हे तुम्हाला दिसत नाही. तुम्ही हातात ठेवलेली नोट मात्र त्याच माणसाची होते. म्हणून बहुतेक रिसॉर्टमध्ये छोटी रोख टिप रूढ आहे, सक्तीची नाही. याला अपवाद आहेत. सँडल्ससारख्या साखळीत बटलर, स्पा अशी मोजकी कामं सोडली तर कर्मचाऱ्यांना टिप घ्यायची मनाई आहे. तिथे आग्रह केलात तर समोरचा अडचणीत येतो. चेक-इनच्या वेळी हे विचारून घेतलं की विषय संपतो.

जिथे चालते तिथले रूढ आकडे अमेरिकन डॉलरमध्ये असे. हमालाला बॅगेमागे १ ते २. विमानतळावरून आणणाऱ्या ड्रायव्हरला जोडप्यामागे ५. खोली आवरणाऱ्यांना दिवसाला २ ते ५. बारवर फेरीमागे १. नाश्त्याच्या बुफेत टेबल सांभाळणाऱ्याला १-२, रात्री टेबलावर बसून जेवलात तर ५. सहलीच्या गाइडला माणशी ५ ते १०. स्पामध्ये बिलाच्या १५ ते २० टक्के, पण बिलात आधीच लावली आहे का ते पाहून.

सात रात्रींसाठी दोघांचा हिशेब मांडू. येता-जाता दोन बॅगांचे ८, ड्रायव्हरचे १०, खोलीचे रोज ३ प्रमाणे २१, बारवर आठवड्याचे २५, नाश्त्याचे १४, रात्रीच्या जेवणाचे ३५, एका सहलीचे दोघांचे २०. बेरीज १३३. आता यात नोटा कोणत्या लागतात ते बघा : एक डॉलरच्या अडुसष्ट, पाचाच्या नऊ, दहाच्या दोन. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. पैसे पुरेसे असतात, पण सगळे पन्नास आणि शंभरच्या नोटांत. रिसॉर्टच्या काउंटरवर सुटे मागायला जाल तर शनिवारी-रविवारी, नवे पाहुणे उतरण्याच्या वेळी, तिथला गल्लाही रिकामा असतो. म्हणून एक डॉलरच्या सत्तर नोटा निघण्याआधी जमवा. दुमडल्यावर जाड बंडल होतं, हे गृहीत धरूनच पाकीट घ्या.

खोलीची टिप रोजच्या रोज ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको. आठवड्यात दोन-तीन वेगवेगळे कर्मचारी खोली आवरतात. शेवटच्या सकाळी ज्याची पाळी असेल त्यालाच सगळे मिळतात आणि सहा दिवस राबलेली बाई कोरडीच राहते. नोट नुसती टेबलावर पडलेली असेल तर प्रामाणिक माणूस तिला हात लावत नाही, कारण पाहुण्याचे पैसे उचलल्याचा आळ नोकरीवर बेततो. उशीवर ठेवा, खाली कागदावर ‘थँक यू’ लिहा, स्पॅनिश बोलणाऱ्या बेटांवर ‘ग्रासियास’. एवढ्यानं काम होतं.

बारमनला पहिल्याच दिवशी वीस डॉलर दिले की आठवडाभर खास सेवा मिळते, असा एक समज आहे. पाळ्या बदलतात. दुसऱ्या दिवशी बारवर भलताच कुणी उभा असतो.

प्रश्न : डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानामध्ये रिसॉर्टबाहेर जेवायला गेलो तर बिलात १० टक्के आधीच असतात म्हणे. मग वर आणखी द्यायचे?

उत्तर : डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ही १० टक्के टिप कायद्यानंच लावलेली आहे, बिलावर ‘लेय’ म्हणजे कायदा असा शब्द दिसतो. शिवाय १८ टक्के विक्रीकर. दोन्ही मूळ रकमेवर लागतात. २,००० पेसोंचं जेवण झालं तर कर ३६०, टिप २००, एकूण २,५६०. मेनूतल्या किमतीत हे धरलेलं असतंच असं नाही, म्हणून बिल बघून दचकू नका. सेवा आवडली तर वर ५ ते १० टक्के रोख द्या, नाही दिलीत तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. कार्डाच्या पावतीवर टिपसाठी रिकामी ओळ असते, ती भरायच्या नादात लोक १० टक्के दोनदा देतात. द्यायचं नसेल तिथे आडवी रेघ मारा आणि एकूण रक्कम स्वतःच्या हातानं लिहा.

एक लक्षात ठेवा : तिथे पेसोलाही ‘$’ हेच चिन्ह वापरतात. ६०० आकडा बघून घाबरण्याचं कारण नाही, डॉलरला साठच्या आगेमागे पेसो मिळतात. जमैकातही असंच, तिथे एका अमेरिकन डॉलरला दीडशे ते एकशे साठ जमैकन डॉलर धरा.

प्रश्न : चेक-इनला डेबिट कार्ड दिलं तर पैसे अडकतात का? आणि मशीनवर ‘तुमच्या चलनात पैसे भरा’ असं विचारतात, त्याचं काय करायचं?

उत्तर : अडकतात. खोलीवर होणाऱ्या जादा खर्चासाठी रिसॉर्ट कार्डावर आगाऊ रक्कम राखून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादेतून वजा दिसते. डेबिटवर मात्र तुमचे खरे पैसे गोठतात आणि चेक-आउटनंतर सुटायला कित्येक दिवस जाऊ शकतात. त्या काळात त्याच खात्यातून एटीएममधून काढायला गेलात तर ‘शिल्लक अपुरी’. चेक-इनला क्रेडिट कार्ड, एटीएमला डेबिट, आणि दोन्ही एका पाकिटात ठेवायची नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नेहमी स्थानिक चलन निवडा. ‘तुमच्या चलनात’ ही सोय वाटते, पण रूपांतराचा दर समोरचा यंत्रवाला ठरवतो आणि त्यात स्वतःचा नफा घालतो. एटीएमवर ही विचारणा ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ अशी येते. दुसरं बटण दाबा. व्यवहार रद्द होईल अशी भीती घालणारा मजकूर दिसतो, पण पैसे नीट बाहेर येतात. रिसॉर्टच्या लॉबीतल्या एटीएमपेक्षा गावातल्या बँकेच्या शाखेतलं, तेही दिवसाउजेडी आणि शाखा उघडी असताना बरं. कार्ड मशीननं गिळलं तर आत जाऊन मागता येतं.

क्यूबाला जात असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत, त्यामुळे रोख रक्कम पूर्ण प्रवासाची न्यावी लागते. सुट्या पैशांत कुणी ‘सीयूसी’च्या, म्हणजे जुन्या परिवर्तनीय पेसोच्या, नोटा दिल्या तर परत करा, ते चलन २०२१ मध्ये बंद झालं आहे.

प्रश्न : कॅनडातून येणाऱ्या नातेवाइकांनी तिकडची एक-दोन डॉलरची नाणी आणली आहेत. टिपला चालतील?

उत्तर : नाही. परदेशी नाणी बँका बदलून देत नाहीत, अमेरिकन पाव डॉलरसुद्धा. कर्मचाऱ्याला मग अशी नाणी साठवून, परत निघालेला एखादा पाहुणा गाठून त्याच्याकडून नोट मागावी लागते. फाटलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या किंवा लिहिलेल्या डॉलरच्या नोटाही तिथे वटत नाहीत. तुम्हाला ज्या नोटेचा बँकेत त्रास होईल ती टिपमध्ये खपवू नका.

प्रश्न : किनाऱ्यावर विक्रेते सारखे येतात. रिसॉर्टचा किनारा खासगी नसतो का?

उत्तर : बहुतेक बेटांवर नसतो. बार्बाडोसचे किनारे सार्वजनिक आहेत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९६८ च्या कायद्यानं भरतीच्या रेषेपासून ६० मीटरचा पट्टा सार्वजनिक ठरवला आहे. त्यामुळे विक्रेत्यानं तिथे असणं हा गुन्हा नाही. नको असेल तर हसून एकदाच ‘नो, थँक यू’, आणि वस्तू हातात घ्यायची नाही. मनगटावर ‘फुकट’ बांधलेला धागा, खांद्यावर बसवलेला पोपट, यांचे पैसे नंतर मागितले जातात. घ्यायचंच असेल तर घासाघीस चालते, पण वेण्या घालून घेताना भाव डोक्याचा की वेणीचा, मणी धरून की वेगळे, हे आधी ठरवा. चाळीस वेण्या पूर्ण झाल्यावर भांडायला जागा उरत नाही. जेट-स्कीवाल्याकडे किती मिनिटं, किती जण, कोणता डॉलर हे विचारा आणि बसण्याआधी यंत्राच्या चारही बाजूंचे फोटो काढा, नाहीतर आधीचा ओरखडा तुमच्या नावावर.

किनाऱ्यावर जाताना त्या दिवसापुरत्या नोटा न्या, बाकीच्या खोलीतल्या तिजोरीत. आकडा १२३४ किंवा खोलीचा नंबर ठेवू नका. नोटा पाकिटात घालून रक्कम वर लिहा, चिकटवून टाका. कमी झाल्या तर निदान कमी झाल्या एवढं तरी सांगता येतं.

प्रश्न : परतताना उरलेल्या स्थानिक पैशांचं काय करावं?

उत्तर : ईसी, जमैकन डॉलर, पेसो हे त्या भागाबाहेर बदलायला कुणी सहसा तयार होत नाही, झालाच तर दर मातीमोल. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रिसॉर्टचं बिल मागवून ओळ न् ओळ तपासा. लॉबस्टर, जादा वाइन, स्पा अशा नोंदी तिथेच सापडतात, सकाळी रांगेत उभं राहून नाही. उरलेली स्थानिक रोख बिलात वळती करता येते का विचारा, बरीच रिसॉर्ट घेतात. त्यातूनही काही उरलं तर खोलीतल्या शेवटच्या टिपमध्ये घाला. कर्मचाऱ्याला ते डॉलरपेक्षा सोयीचंच पडतं, बदलायला बँकेत जावं लागत नाही.