करवत माशी पाळून बघ

जाळी घेऊन लगेच जांबोटीच्या रानात धावू नकोस. आधी थंडीत बेळगावजवळच्या कडोली-कंग्राळीकडच्या मुळ्याच्या, मोहरीच्या वाफ्यात बस. पानांना भोकं पाडणारी हिरवट-काळी अळी दिसली की पाय मोज. फुलपाखराच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या फार तर पाच जोड्या, करवत माशीच्या अळीला आठ. डोक्याच्या प्रत्येक बाजूला डोळाही एकच. हात लागताच ती वेटोळं करून खाली पडते, म्हणून पांढरं फडकं धर.

नुसती अळी मारून ठेवण्यात मला कधी गोडी वाटली नाही. बरणीत ओलसर माती घाल, वर रोज ताजी पानं. ती मातीत जाऊन कोष करते. बाहेर येते ती नारिंगी अंगाची, काळ्या डोक्याची माशी. गांधीलमाशीच्याच गणातली, पण कंबर बारीक नाही नि डंखही नाही. मादीच्या पोटाच्या टोकाला खरोखर दातेरी करवत असते, तिनं पान चिरून ती आत अंडी घालते. ते दाते भिंगाखाली बघच, मी अजूनही बघत बसतो.

माशी संग्रहात टोचून ठेवलीस तर टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव, तारीख नि पीक लिही. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही पकडायचं नाही.