पॉलिप तर निघाला, मग आतडं का कापायचं?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या सिग्मॉइडमधला (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडचा वळणदार भाग) देठाचा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठ, कोलोनोस्कोपीत काढला, रिपोर्टात 'ॲडिनोकार्सिनोमा (अस्तरातल्या ग्रंथींचा कॅन्सर), पीटी1' आलं आणि आता सर्जन आतड्याचा तेवढा भाग काढू म्हणतात. गरज आहे का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रिपोर्ट न बघता हो-नाही सांगणार नाही, पण त्यात काय शोधायचं ते सांगतो.

आतड्याच्या अस्तराखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. पेशी कितीही बिघडलेल्या दिसल्या तरी पडद्याच्या वर असेपर्यंत त्या लसिकाग्रंथींपर्यंत सहसा जात नाहीत. आम्ही तिथे 'हाय ग्रेड डिस्प्लेशिया' (कॅन्सरपूर्व मोठा बिघाड) लिहितो, जपानी पॅथॉलॉजिस्ट त्यालाच कॅन्सर म्हणतात. पडदा ओलांडून सबम्युकोसात, म्हणजे त्याखालच्या थरात, शिरल्या की पीटी1. अशा साधारण दहातल्या एकाच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर आधीच पोचलेला असतो. ऑपरेशन त्या एकासाठी असतं, बाकीच्या नऊ जणांना त्याचा उपयोग नसतो.

तो एक ओळखायचा कसा? कापलेल्या कडेपासून कॅन्सर 1 मिमीहून लांब आहे का, ग्रेड काय (पेशी किती बिघडलेल्या आहेत), रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत पेशी दिसल्या का, हे बघा. देठाच्या पॉलिपमध्ये हॅगिट लेव्हलही, म्हणजे कॅन्सर किती खोल गेला, ते बघतात: कॅन्सर डोक्यातच थांबला असेल तर 1, देठाच्या बुडाखाली आतड्याच्या भिंतीत पोचला असेल तर 4. माझी नजर मात्र आधी 'ट्यूमर बडिंग'वर जाते. कॅन्सरच्या पुढच्या कडेला, अस्तरासारख्या नळ्या बनवणाऱ्या कॅन्सरच्या मुख्य भागापासून सुटून, एकट्यादुकट्या, फार तर चार पेशींचे पुंजके पुढे घुसलेले दिसतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या 0.785 चौरस मिमीच्या एका फील्डमध्ये असे 5 किंवा जास्त असले तर मी सर्जनच्या बाजूने. 4 पर्यंत असले आणि बाकी सगळं ठीक असलं तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं.

आणखी एक. सिग्मॉइडमधला लांब देठ पिळवटला की अस्तरातल्या साध्या, कॅन्सर नसलेल्या ग्रंथीही खाली ढकलल्या जातात आणि कॅन्सर घुसल्यासारखं दिसतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा यात फसणारच होतो. ग्रंथींभोवती जुन्या रक्ताचे तपकिरी कण होते, तेवढ्याने वाचलो. म्हणून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या आणि पोट-आतड्यांच्या कॅन्सरचं काम करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. लॅब देते, संकोच करू नका.

पॉलिप अखंड निघाला की तुकड्यांत, हेही एंडोस्कोपीवाल्यांना विचारा. तुकडे असतील तर कड कुठली ते आम्हालाही सांगता येत नाही.