साताऱ्यातून कॅनडाच्या पीआरची (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची) तयारी करताना आधी कोणती कागदपत्रं लावावीत?

सुरुवात विद्यापीठापासून करा. एक्सप्रेस एंट्रीचं, म्हणजे पीआरसाठीच्या कॅनडा सरकारच्या ऑनलाइन निवड पद्धतीचं, प्रोफाइल भरण्याआधी पदवीचं मूल्यांकन (ती कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे सांगणारा अहवाल) हातात लागतं, आणि त्यासाठीचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, शिवाजी विद्यापीठाकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावं लागतं. स्वतः पाठवलेल्या मार्कशीटच्या झेरॉक्स चालत नाहीत. दरम्यान आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा उरकून घ्या, पण जनरल ट्रेनिंगची. अॅकॅडमिक दिली तर फी वाया. चारही विभागांत किमान ६ बँड हवेत. निकाल २ वर्षं चालतो, मूल्यांकन ५ वर्षं.

खरी अडचण अनुभवपत्राची. एमआयडीसीतले छोटे मालक 'काम समाधानकारक, वर्तणूक चांगली' एवढंच लिहून देतात. त्याचा उपयोग शून्य. लेटरहेडवर हुद्दा, प्रत्यक्ष कामं, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा हव्यात. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, सही लवकर मिळते.

पोलिस क्लिअरन्सचा, म्हणजे गुन्हेगारी नोंद नसल्याचा, दाखला मात्र घाईने काढू नका. भारतातच राहत असाल तर अर्ज सादर करताना तो ६ महिन्यांच्या आतला लागतो. प्रोफाइल निवडलं जाऊन पीआरच्या अर्जाचं आमंत्रण आल्यावर तो सादर करायला ६० दिवस असतात, तेव्हा लगेच पासपोर्ट सेवा पोर्टलवर या दाखल्यासाठी अर्ज टाका. पासपोर्टवर गावाकडचा पत्ता आणि राहता पुण्यात, असं असेल तर पडताळणी रेंगाळते.