बाटलीवरचं करडू कळपात सोडताना

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलंय: "शेळी व्याल्यावर तिसऱ्या दिवशी मेली, करडू घरातच बाटलीवर जगवलं, आता अडीच महिन्यांचं झालंय. कळपात सोडलं की बाकीच्या शेळ्या ढुशा मारूलालेत आणि हे ओरडत परत सोप्यात येऊलालंय. दुकानदारानं ताकदीची पावडर आणि जंताचं इंजेक्शन दिलंय, १ मिली मारा म्हणाला. ते मारून सोडू काय?"

ताई, ते इंजेक्शन आधी बाजूला ठेवा. जंताच्या इंजेक्शनात बहुधा आयव्हरमेक्टिन असतं, त्याच्या एक टक्केवाल्या बाटलीचा हिशोब ५० किलोला १ मिली असा असतो, म्हणजे ५ किलोच्या करडाला ०.१ मिली, आणि दुकानदार सांगतोय १ मिली, सरळ दहापट! करडू ७-८ किलोचं भरलं तरी पाव मिलीसुद्धा लागत नाही. ह्या दुकानदारांकडं करडाला मापायला काटा नसतो, तोंडाला येईल तो डोस सांगतात आणि करडू मेलं की "तुमचं नशीब" म्हणतात. लेंडी तपासा, वजन करा, मग सरकारी डॉक्टर सांगतील तेवढंच. १९६२ ला फोन केला की फिरता दवाखाना येतो.

पावडर पण नको. हे करडू अशक्त नाही हो, ते स्वतःला शेळी समजत नाही एवढंच. जन्मल्यापासून माणसांत वाढलं, रात्री चुलीजवळ झोपलं, त्याला शेळीचा वास ओळखीचा नाही आणि शेळ्यांना त्याचा नाही. असं करडू मी कितीतरी गोठ्यांत बघितलंय, एक तर सोप्यातल्या गादीवर झोपायचं आणि टीव्ही लावला की समोर बसायचं, पुढं कळप चरायला निघाला की हे उंबऱ्यावर.

आता काय करायचं तर गोठ्यातच बांबूची कुड घालून एक कोपरा करा आणि करडू तिथं ठेवा, कुडाच्या पलीकडं शेळ्या. कुडातून हुंगू दे एकमेकांना, ८-१० दिवस. सोबतीला त्याच वयाचं एक गरीब स्वभावाचं करडू आत सोडा, ही सोबत सगळ्यात महत्त्वाची, एकटं ठेवलं तर नुसतं तुमची वाट बघत ओरडणार. दूध एकदम तोडू नका, दिवसाला १०० ग्रॅमच्या वर खुराक खायला लागलं की १०-१२ दिवसांत थोडं थोडं कमी करत बंद करा. मग संध्याकाळी, चरून पोट भरून आलेल्या शेळ्यांत सोडा, सकाळी उपाशी कळपात नको. मारकी शेळी तेवढी पहिले दोन दिवस बांधून ठेवा. आणि जो बाटली पाजतो त्यानं आठवडाभर गोठ्यात तोंड दाखवायचं नाही, नावानं हाक नाही, पोरांनी बिस्किट नाही. भात, पुरणपोळी असलं तर अजिबात नाही, पोटात आंबतं आणि एका रात्रीत फुगून जातं.

वेळेचं परत सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. दूध तोडणं, जंताचं औषध, लस आणि कळपात सोडणं एकाच दिवशी करायचं नाही. दुकानदार "सगळं एकदाच उरकून टाका" म्हणतो, त्याला बिल उरकायचं असतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस करडाला ३ महिने झाल्यावर, मग दोनेक आठवडे जाऊ द्या, मग सोडा. भर पावसात तर नकोच, कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

बोकड आहे की पाट, म्हणजे मादी, ते लिहिलं नाही. बोकड असेल तर कपाळाला हात लावून ढुशी-ढुशी खेळणं आजच बंद. बाटलीवरचा बोकड माणसाला भीत नाही, सहा-सात महिन्यांचा झाला की शाळेतनं येणाऱ्या पोराला पाडतो.

निपाणीकडच्या एकांचा प्रश्न वेगळा, शेळी व्याली आणि तासाभरात मेली, चीक कुठनं आणू? दुसरी ताजी व्यालेली शेळी बघा, नाही तर गाईचा चीक चालतो. पहिल्या ६ तासांत पोटात गेलाच पाहिजे, दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, २ किलोच्या पिल्लाला २०० मिली, चार-पाच वेळा करून. अंग गार पडलं असेल तर आधी शेकून गरम करा, मग पाजा. पाजताना उभं ठेवून, मान थोडी वर, बाळासारखं उताणं घेतलं तर दूध छातीत जातं. जास्त पाजू नका, लिटरभर पाजलेली करडं हगवणीनं जातात, उपाशी राहून गेलेली मी कमी बघितली.

शेळी मेली तर लगेच पुरू नका, कर्नाटक सरकारच्या अनुग्रह योजनेच्या मदतीला डॉक्टरांनी केलेलं पोस्टमार्टम लागतं. फॉर्म कानडीत असतो, भरून घ्या कुणाकडनं.

आणि माझं नेहमीचं तुणतुणं, गाय व्याली की अर्धा लिटर चीक छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरला टाका, वर्षभर टिकतो. काढला की कोमट पाण्यात ठेवून वितळवा, गॅसवर उकळलात तर त्याचा खरवस होतो, औषध राहत नाही. बाटलीवर "करडांसाठी" असं मोठं लिहा, नाहीतर घरात कुणीतरी गूळ-वेलची घालून संपवतंय.