रॉब सिच यांचे विडंबन

प्रश्न : मेलबर्नला मुलीकडे गेलो असताना आम्ही सर्वांनी 'द कॅसल' हा ऑस्ट्रेलियन चित्रपट पाहिला. विमानतळाच्या विस्तारासाठी राहते घर देण्यास नकार देणाऱ्या साध्या माणसाची ती गोष्ट आम्हाला फार भावली. दिग्दर्शक रॉब सिच यांचे इतर काम कसे आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : १९६२ साली जन्मलेल्या सिच यांनी मेलबर्न विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली, परंतु विद्यार्थीदशेत जमलेल्या विनोदी कलाकारांच्या कंपूबरोबर ते १९८६ मध्ये 'द डी-जनरेशन' या कार्यक्रमातून दूरचित्रवाणीवर आले आणि तिथेच रमले. त्यांच्याविषयी लिहिताना सँटो सिलॉरो, टॉम ग्लाइस्नर आणि जेन केनेडी यांची नावे वगळता येत नाहीत, कारण 'वर्किंग डॉग' ही निर्मितीसंस्था उभारून ही मंडळी आजवर एकत्र लिहीत आली आहेत.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे १९९४ ते १९९७ या काळातील 'फ्रंटलाइन' ही दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या कार्यक्रमांचे विडंबन करणारी मालिका. तीत सिच स्वतः माइक मूर या वृत्तनिवेदकाच्या भूमिकेत आहेत. हा मनुष्य दुष्ट नाही. तो स्वतःला गंभीर पत्रकार मानतो आणि बातमीचा सौदा मात्र त्याच्या पाठीमागे निर्माते करत असतात. १९९३ मध्ये न्यू साउथ वेल्समधील कँगाय येथे ओलीस ठेवलेल्या मुलांशी एका वाहिनीच्या निवेदकाने थेट दूरध्वनीवरून संभाषण केले होते. त्या घटनेवर बेतलेला 'द सीज' हा भाग पाहताना हसू ओठांवरच थिजते. पुढे ही मालिका न्यू साउथ वेल्समधील शाळांत इंग्रजीच्या अभ्यासक्रमात लावली गेली.

आपण पाहिलेला 'द कॅसल' १९९७ चा. त्याचे चित्रीकरण अवघ्या अकरा दिवसांत पूर्ण झाले होते. नायकाचा लढा ज्या कलमावर उभा आहे, ते ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील ५१ वे कलम खरोखरच अस्तित्वात असून त्यानुसार केंद्राला मालमत्ता न्याय्य अटींवरच संपादित करता येते. भूसंपादनाच्या नोटिसा पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला हा चित्रपट जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे. मात्र त्याची खरी ताकद अशी की, नायकाच्या केरिगन कुटुंबाच्या भाबडेपणावर आपण हसतो तेव्हाही दिग्दर्शक त्यांचा मान कमी होऊ देत नाही.

२००० सालच्या 'द डिश' या चित्रपटात हीच माया न्यू साउथ वेल्समधील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवरून चंद्रावरील दृश्ये जगापर्यंत पोहोचवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आली आहे. १९६९ च्या चांद्रमोहिमेची पहिली दृश्ये प्रत्यक्षात इतर केंद्रांमार्फत आली होती. चित्रपटाने तेथे स्वातंत्र्य घेतले आहे. २०१२ चा 'एनी क्वेश्चन्स फॉर बेन?' मला तितकासा जमलेला वाटला नाही.

२००८ मधील 'द हॉलोमेन' ही मालिका पंतप्रधानांच्या सल्लागारांवर आहे, तर २०१४ पासूनची 'यूटोपिया' पायाभूत प्रकल्पांच्या सरकारी कार्यालयावर. घर वाचवू पाहणाऱ्या माणसाची बाजू आपण पाहिलीच आहे. प्रकल्प आखणाऱ्यांच्या टेबलापलीकडे काय चालते, हे पाहण्यासाठी आपण 'यूटोपिया'पासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.