१५०-६०० मिमी झूम लेन्सने काढलेले पक्ष्यांचे फोटो धूसर येतात. लेन्समध्ये दोष आहे की सेटिंग चुकतंय?

नवी १५०-६०० घेतली, सगळे फोटो ६०० मिमीवर काढले आणि एकातही पिसं नीट दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. लेन्स परत करायला धावू नका. त्यातले दहा-बारा फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघा. धूसरपणा सगळा एकसारखा नसतो. कशामुळे आला ते फोटोतच दिसतं, आणि ते न ओळखता सेटिंग बदलत बसलात तर वर्षभर बदलत बसाल.

आधी पक्ष्याच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका बघा. तो रेघेसारखा ओढला गेला असेल आणि फांदीच्या कडाही त्याच दिशेला दुहेरी दिसत असतील, तर कॅमेरा हलला. फांदी स्वच्छ पण डोकं पुसट, तर पक्षी हलला. पक्षी पुसट आणि त्याच्या पुढचं पान किंवा मागची काटकी लख्ख, तर फोकस चुकला. फ्रेमभर कुठेच काही धारदार नाही, कडा लहरल्यासारख्या वेड्यावाकड्या, आणि लागोपाठच्या दहा फोटोंत धूसरपणा कमीजास्त होतोय, तर दोष हवेचा. लेन्सचा खरा दोष वेगळाच दिसतो: दर फोटोत, दर अंतरावर, फ्रेमची तीच एक बाजू दुसरीपेक्षा मऊ, म्हणजे कमी धारदार.

हवेबद्दल आधी लिहितो, कारण नवीन लोक तिला हिशेबातच धरत नाहीत. तापलेली जमीन, डांबर, खडक किंवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम-थंड असलेलं पाणी, यांच्यावर वेगवेगळ्या तापमानाचे हवेचे थर हलत असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश वाकत राहतो. ६०० मिमीवर हे सगळं मोठं होऊन दिसतं. यावर ट्रायपॉड, शटर स्पीड, महाग लेन्स यांतलं काहीच चालत नाही. उपाय दोनच: मधली हवा कमी करा, म्हणजे जवळ जा, किंवा उन्हं तापायच्या आत काम उरका. सकाळी आठला २० मीटरवरून लख्ख येणारा पक्षी दुपारी बाराला उघड्या माळावर ६० मीटरवरून लापशीसारखा दिसतो. लेन्स तीच असते. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन आणि एसी बंद करा, काचा उघडा आणि आतली हवा बाहेरच्या हवेइतकी होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. खिडकीतून वाहणारी गरम-थंड हवा लेन्सच्या तोंडापुढेच नाचते.

आता अंतराचा हिशेब. चिमणीएवढा, म्हणजे १५ सेंटिमीटरचा पक्षी १० मीटरवर असेल तर ६०० मिमीची लेन्स त्याची सेन्सरवर साधारण ९ मिमीची प्रतिमा पाडते. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला ‘क्रॉप’ सेन्सर सुमारे २३ मिमी रुंद असतो, म्हणजे पक्षी फ्रेमचा दोन-पंचमांश भाग व्यापतो. झकास. तोच पक्षी ३० मीटरवर गेला की प्रतिमा ३ मिमीची. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सगळा पक्षी जेमतेम पावणेआठशे पिक्सेलचा आणि त्याचं डोकं दोनएकशे पिक्सेलचं. इतक्यात पिसांची नक्षी उमटायला जागाच नसते. क्रॉप सेन्सरवर ६०० चे ९०० मिमी होतात असं म्हणतात, पण सेन्सरवरची प्रतिमा तेवढीच राहते, फक्त कडा कापल्या जातात. फायदा होतो तो पिक्सेल दाट असतील तर. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायची, फोकल लेंग्थ वाढवणारी जोडकाच) लावायचा मोह आवरा. अ‍ॅपर्चर एफ/६.३ चं एफ/९ होतं, म्हणजे उजेड घटतो, ऑटोफोकस मंदावतो, बऱ्याच डीएसएलआरवर तर चालतच नाही, आणि मधली हवा आहे तेवढीच राहते.

म्हणून पाय वापरा. पक्ष्याकडे सरळ रेषेत चालत गेलं की तो उडतोच. तिरकं जा, चार पावलं टाकून थांबा, दुसरीकडे बघा, शक्य असेल तिथे बसून सरका. त्याने खाणं थांबवून मान ताठ केली की तिथेच थांबा. पुन्हा खायला लागला तर पुढचं पाऊल. याहून बरं म्हणजे तो ज्या फांदीवर पुन्हापुन्हा येतो ती हेरून तिच्याजवळ आधीच बसून राहणं. खंड्या, वेडा राघू, कोतवाल यांना अशा ठरलेल्या जागा असतात. घरट्यापाशी मात्र हे करू नका. तुमच्यामुळे पालक पक्षी दूर राहिले की अंडी थंड पडतात, पिल्लं उपाशी राहतात.

शटर स्पीडबाबत ‘फोकल लेंग्थ इतका स्पीड पुरे’ (६०० मिमीला १/६०० सेकंद) हा जुना नियम इथे सोडून द्या. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याला सावरत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंदापासून सुरुवात करा. सतत उड्या मारणाऱ्या छोट्या पक्ष्यांना १/१६००. घिरट्या घालणारी घार १/१६०० ला मिळते, पण पंख फडफडवत जाणाऱ्या लहान पक्ष्याला १/३२०० लागतो. पक्षी अगदी निश्चल असेल, उजेड कमी असेल आणि लेन्स कशावर तरी टेकलेली असेल तर १/२५० ला सुद्धा जमतं. मात्र पंधरा-वीस फोटो सलग काढा, त्यातले तीन-चार धारदार निघतात. शटरचं बटण अर्धं दाबल्यावर स्टॅबिलायझेशन स्थिरावायला अर्धा सेकंद द्या. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य तरंगायचं थांबलं की मग क्लिक. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना स्टॅबिलायझेशनचा पॅनिंग मोड लावा, आणि १/२००० च्या पुढे स्टॅबिलायझेशन पूर्ण बंद ठेवलंत तरी बिघडत नाही.

अ‍ॅपर्चर? ६०० वर एफ/६.३ पेक्षा एफ/८ ला या वर्गातल्या बऱ्याच लेन्स थोड्या जास्त धारदार असतात, पण त्यासाठी दोन-तृतीयांश स्टॉप उजेड जातो. उजेड भरपूर असेल तर एफ/८, नसेल तर एफ/६.३ आणि शटर वाचवा. एफ/११ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) उलट मऊपणा येऊ लागतो. जवळ गेल्यावर मात्र डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे धारदार दिसणारी खोली, किती कमी उरते ते लक्षात ठेवा: एपीएस-सीवर ६०० मिमी, एफ/६.३, अंतर १० मीटर, तर सगळी मिळून ७ सेंटिमीटर; ५ मीटरवर दोन सेंटिमीटरही नाही. चोच आणि डोळा दोन्ही हवे असतील तर पक्षी आडवा होईपर्यंत थांबा.

आयएसओला लोक उगीच घाबरतात. मॅन्युअल मोड, शटर आणि अ‍ॅपर्चर तुमच्या हातात, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ३२०० किंवा कॅमेरा नवा असेल तर ६४००, आणि फाइल रॉ (सेन्सरची कच्ची माहिती, जेपीईजी नव्हे). दाणेदारपणा सॉफ्टवेअरने बराच निघतो, हललेला फोटो कशानेही सावरत नाही. आणि आयएसओ ८०० ला काळोखा काढून नंतर उजळलेला फोटो ३२०० ला नीट उजेडात काढलेल्या फोटोपेक्षा सहसा बरा नसतो.

ऑटो आयएसओवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मात्र सतत हलवावं लागतं. मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. गर्द झाडीपुढे लहानसा दिसणारा पांढरा बगळा असेल तर मीटर झाडी उजळायला जातं आणि बगळ्याची पिसं जळतात: तिथे उणे १. तोच बगळा फ्रेमभर असेल तर मीटर त्याला मळकट करतं, म्हणून अधिक २/३. पांढुरक्या आकाशासमोर घार असेल तर अधिक १ ते १.७, नाहीतर नुसती काळी आकृती मिळेल. फ्रेमभर काळ्या कोतवालाला उणे २/३. एकदा जळलेलं पांढरं परत येत नाही, त्यामुळे शंका आली की हिस्टोग्रामचं (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचं) उजवं टोक बघा.

फोकससाठी सतत फोकस करणारा मोड ठेवा. कंपनीप्रमाणे त्याला एएफ-सी किंवा एआय सर्व्हो म्हणतात. कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू करा, पण दाट पानांत ती फसते. तिथे एकच लहान बिंदू डोळ्यावर. मोकळ्या आकाशात मोठं क्षेत्र चालतं. झाडीसमोर उडणाऱ्या पक्ष्याला मोठं क्षेत्र दिलंत की फोकस मागच्या झाडांवर जाऊन चिकटतो, कारण तिथे कॉन्ट्रास्ट जास्त असतो. तिथे लहान गट बरा. फोकस भरकटून सगळं पुसट झालं तर बटण दाबत राहू नका. रिंग हाताने फिरवून साधारण त्या अंतरावर आणा, किंवा पक्ष्याच्या खालच्या जमिनीवर फोकस करून मग वर या. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतराच्या पट्ट्यात शोधायचा ते ठरवणारं बटण) दूरच्या पट्ट्यावर ठेवला तर हे भरकटणं बरंच कमी होतं. फक्त जवळ पक्षी आला आणि फोकस होईना, तर त्या बटणाची आठवण ठेवा.

६०० वर पक्षी सापडतच नसेल तर आधी २०० वर पकडा, मध्यावर आणा, मग झूम करा. उडत्या पक्ष्यासाठी मुळातच ४०० च्या आसपास राहा, नाहीतर पंखांची टोकं कापली जातात. सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा धरा: पक्षी बहुधा वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उडतो आणि उतरतो, म्हणजे तो तुमच्याकडे तोंड करून, उजेडात येईल. बसलेल्या पक्ष्याने विष्ठा टाकली, अंग पुढे झुकवलं, की तो उडायच्या बेतात आहे: बोट बटणावर. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंत पंख विचित्र वाकलेले दिसले तर मेकॅनिकल शटर वापरा.

ही लेन्स सुमारे दोन किलोची. डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या खाली, जमेल तितका पुढे. कोपरं बरगड्यांना टेकलेली. मोनोपॉड पुरेसा असतो. गाडीच्या खिडकीवर धान्य किंवा वाळू भरलेली पिशवी कुठल्याही ट्रायपॉडपेक्षा सरस. गिंबल हेड (जड लेन्स तोल साधून सहज फिरवता येणारं ट्रायपॉडचं डोकं) घेतलंत तर तोल ६०० पर्यंत लेन्स बाहेर काढून साधा. १५० वर साधलेला तोल झूम केल्यावर पुढे झुकतो.

एवढं करूनही शंका उरली तर चाचणी घ्या. पुढच्या काचेवरचा यूव्ही फिल्टर काढा. स्वस्त फिल्टर ६०० वर फार नुकसान करतो, आणि नुसता तो काढल्यावर प्रश्न सुटलेला असू शकतो. पहाटेच्या गार हवेत, सावलीतल्या भिंतीवर छापील मजकुराचा मोठा कागद सपाट चिकटवा. १५-२० मीटरवर ट्रायपॉड, कॅमेरा भिंतीला समोरासमोर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हाताने फोकस करा आणि पाच फोटो काढा. मग ऑटोफोकसने पाच, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून. हाताने केलेले लख्ख आणि डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने केलेले मऊ असतील तर लेन्स ठीक आहे, कॅमेऱ्याच्या मेन्यूतलं फोकसचं सूक्ष्म समायोजन करायचं आहे. हाताने फोकस करूनही कागदाची एक बाजू दर वेळी मऊ असेल, तर एकदा कॅमेरा उभा धरून तपासा. मऊ बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली तर काचा मध्यावर बसलेल्या नाहीत. मग वॉरंटी संपायच्या आत हेच फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.