ग्लॉकस नक्की किती?

प्रश्न: होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात ग्लॉकस ट्रॉयच्या बाजूने लढतो, दुसरीकडे वाचलं की तो समुद्रदेव आहे, आणि तिसरीकडे तर तो लहानपणीच मधात बुडून मेला म्हणे. एकाच माणसाचं हे सगळं कसं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: एकाच माणसाचं नाहीच ते! हे तिघं वेगळे आहेत, वर चौथाही आहे. नुसतं नाव बघू नका, बाप कोण आणि गाव कुठलं ते बघा, लगेच सुटतं.

इलियडमधला ग्लॉकस हिप्पोलोकसचा मुलगा, लिसियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडचा. सहाव्या सर्गात तो शत्रूकडच्या ग्रीक योद्ध्यासमोर, डायोमिडीजसमोर, उभा राहून आपलं सगळं कुळ सांगतो आणि त्यातच तो चौथा सापडतो: सिसिफसचा मुलगा ग्लॉकस, त्याचा बेलेरोफॉन, त्याचा हिप्पोलोकस आणि त्याचा हा, म्हणजे पणजोबांचंच नाव पणतूला. (या पणजोबांना त्यांच्याच घोड्यांनी फाडून खाल्लं, ग्रीक नाटककार एस्किलसने त्यावर नाटक केलं होतं, इ.स.पू. ४७२ मध्ये, आता त्याचे तुकडेच उरलेत.) कुळ ऐकल्यावर डायोमिडीज भाला जमिनीत रोवतो, कारण त्याच्या आजोबांनी बेलेरोफॉनला २० दिवस घरी ठेवून घेतलेलं असतं. मग भर युद्धात दोघं चिलखतं बदलतात, ग्लॉकसचं सोन्याचं १०० बैलांच्या किमतीचं आणि समोरून मिळालं ते ९ बैलांचं कांस्याचं. मला हा प्रसंग फार आवडतो.

समुद्रदेव झाला तो ग्रीसमधल्या अँथिडॉन गावचा साधा कोळी. पकडलेले मासे एका गवताला लागून जिवंत झालेले बघून त्याने ते गवत खाल्लं आणि समुद्रातच गेला.

मधात बुडाला तो क्रीटच्या मायनॉस राजाचा पोरगा. उंदरामागे धावताना मधाच्या रांजणात पडला. पोराला जिवंत कर म्हणून राजाने पॉलिइडस नावाच्या ज्योतिषाला प्रेतासोबत कोंडलं, तिथे एक साप आला, पॉलिइडसने तो मारला, तर दुसऱ्या सापाने कसलीतरी वनस्पती आणून मेलेल्या सापाला उठवलं, मग पॉलिइडसने तीच पोराला लावली! बहुतेक इथेच घोळ होतो, कारण मेलेल्याला उठवणारी वनस्पती कोळ्याच्या गोष्टीतही आहे. पुढे राजाने जबरदस्तीने पोराला ज्योतिष शिकवायला लावलं, तर निघताना पॉलिइडस त्याला म्हणाला माझ्या तोंडात थुंक, आणि थुंकल्याबरोबर पोरगा शिकलेलं सगळं विसरला. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रीक पुराणकथांच्या ग्रंथात तिसऱ्या भागात आहे हे, नक्की वाचा.